हबश आमचा, हबशी कोणाचा?

आमच्या शाळेत दरवर्षी मिलादच्या निमित्ताने तकरीरींचा मुकाबला होतो. दोन-तीन वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलाने हजरत बिलाल (रजि.) यांच्यावर तकरीर केली. मुलगा हुशार, आवाज खणखणीत. मक्केची तापलेली वाळू, छातीवर ठेवलेला दगड आणि त्याखालूनही एका अल्लाहचेच नाव घेणारा तो हबशी गुलाम, हे सारे त्याने असे उभे केले की मागे बसलेल्या आयांनी ओढणीचे टोक डोळ्यांना लावले. पहिले बक्षीस त्यालाच मिळाले.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ रांग लागली होती. हाच मुलगा पुढच्या एका सावळ्या मुलाला ढकलून म्हणत होता, "ए हबशी, सरक ना!"

आम्ही त्याला बाजूला घेतले. रागावलो नाही. फक्त विचारले, "परवा तू कोणावर बोललास?" त्याने सांगितले. "ते कुठले होते?" "हबशचे." एवढे बोलल्यावर त्याच्या ध्यानात आले असावे. मान खाली घालून म्हणाला, "पण टीचर, ते वेगळे."

हे 'ते वेगळे' त्या पोराने एकट्याने शोधून काढलेले नाही. घरात, ओट्यावर, लग्नाच्या बोलण्यात त्याने ते ऐकलेले आहे. मुलगी पाहून आलेल्या बायका "शिकलेली आहे, पण रंगाने अगदी हबशीण" असे म्हणतात, आणि त्याच बायका नातवाचे नाव हौसेने बिलाल ठेवतात. त्या मुलाला तिथल्या तिथे काय उत्तर द्यावे ते आम्हाला सुचले नाही. म्हणून आम्ही त्या शब्दाच्या मागे लागलो. आम्ही संशोधक नाही. बी.एड. करून उर्दू माध्यमात इतिहास-भूगोल शिकवणारी माणसे आम्ही. पण ज्या शब्दाने आमच्या वर्गातले एक मूल खाली मान घालते, तो शब्द कुठून आला एवढे शोधणे शिक्षकाचे कामच आहे.

हबश म्हणजे आजचा इथिओपिया आणि त्याच्या भोवतालचा मुलूख. मुसलमानांच्या तवारिखेत या देशाचे नाव फार लवकर येते. मदिनेची हिजरत इ.स. ६२२ ची. त्याआधी सातेक वर्षे, ६१५ च्या सुमारास, मक्केत छळ असह्य झाला तेव्हा पैगंबरांनी (स.) आपल्या काही साथीदारांना समुद्रापलीकडे हबशला जायला सांगितले. तिथला राजा नजाशी हा ख्रिस्ती, वर्णाने काळा. कुरैशांनी भेटी देऊन माणसे पाठवली आणि 'आमचे पळालेले लोक परत द्या' अशी मागणी केली. दरबारात हजरत जाफर (रजि.) यांनी सूरह मरियममधील आयती ऐकवल्या. नजाशीने त्या ऐकल्या आणि पाहुण्यांना परत द्यायला नकार दिला. मुसलमानांना जगात मिळालेला पहिला आसरा हा असा एका काळ्या माणसाच्या घरचा आहे. पुढे नजाशीच्या निधनाची खबर आली तेव्हा पैगंबरांनी (स.) त्याच्यासाठी गायबाना नमाजे-जनाजा अदा केली. अखेरच्या खुतब्यातली गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही ही शिकवण तर आपल्याकडे पोरासोरांना पाठ असते.

पुढे मात्र चित्र पालटते. तांबड्या समुद्राच्या बंदरांतून हबशी माणसे विकली जाऊ लागली. विकणाऱ्यांत आणि विकत घेणाऱ्यांत आपले लोक होते, हे लपवण्यात अर्थ नाही. अरब होते, इराणी होते, गुजरात आणि कोकणच्या बंदरांतले व्यापारी होते. पोर्तुगीज त्यात नंतर आले. दख्खनच्या सुलतानांना लढणारी माणसे हवी होती. ज्याचे इथे नातेवाईक नाहीत, जात नाही, जमीन नाही, असा गुलाम धन्याशी इमान राखतो असा त्या काळचा हिशेब होता.

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला इथे एक गोष्ट खटकते. या गुलामांना दिलेली नावे पाहा. याकूत म्हणजे माणिक. अंबर म्हणजे समुद्रातून येणारे सुगंधी द्रव्य. कापूर, संदल, मर्जान, रैहान. अत्तराच्या आणि जवाहिराच्या दुकानातली यादी वाचल्यासारखे वाटते. महागातला माल आणि त्याला मालाचेच नाव. काळ्या माणसाला कापूर म्हणण्यात तर थट्टाही आहे. आईबापांनी ठेवलेले नाव बंदरावरच संपत असे.

तरीही दख्खनमध्ये एक वेगळी गोष्ट घडली, आणि ती आपल्या मराठी मुसलमानांनी नीट समजून घ्यावी अशी आहे. बहमनी राज्यात पंधराव्या शतकात दरबाराचे दोन तट पडले होते. एक आफाकींचा, म्हणजे इराण, तुर्कस्तान, अरबस्तानातून नव्याने आलेल्या गोऱ्या, फारसी बोलणाऱ्या, घराण्याचा अभिमान मिरवणाऱ्या अमीरांचा. दुसरा दख्खनींचा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथे रुजलेल्या मुसलमानांचा. हबशी समुद्रापलीकडून आलेले. मग त्यांची गणना आफाकींत व्हायला हवी होती. तसे झाले नाही. ते दख्खनींच्या बाजूला गेले, दख्खनीच मानले गेले. आफाकीचे गाव मागे शाबूत होते. तिकडे पत्रे जात, भाऊबंद येत, तिथूनच सोयरीक होई. हबशी माणसाला परतीची वाट नव्हती. जिथे विकला गेला तेच त्याचे वतन. या तटांच्या भांडणात रक्तही सांडले. १४८१ साली महमूद गावानसारख्या कर्तबगार वजिराची मान मारणारा हात जौहर नावाच्या हबशी गुलामाचा होता. ती काही अभिमानाची गोष्ट नव्हे. पण पाचशे वर्षांपूर्वी या मातीत काळा माणूस 'इथला' आणि गोरा माणूस 'परका' ठरत होता, एवढे लक्षात ठेवावे.

मलिक अंबर हा त्याच परंपरेतला. जन्म १५४८ च्या सुमाराचा, हबशमधला. मूळ नाव चापू. मोखा, बगदाद असे करत तो विकला गेला. मीर कासिम नावाच्या धन्याने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. शेवटी तो अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्याकडे आला. हा चंगेजखानही हबशी आणि पूर्वाश्रमीचा गुलामच. तो वारल्यावर अंबर मोकळा झाला. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडले तेव्हा त्याने निजामशाही वंशातला एक वारस पुढे करून राज्य पुन्हा उभे केले आणि पुढे सव्वीस वर्षे अकबर-जहांगिरांच्या फौजांना दख्खनमध्ये घट्ट पाय रोवू दिला नाही.

त्याच्याविषयी आपल्याकडे गनिमी काव्यापुरते बोलले जाते. मराठा बारगीर, डोंगराळ मुलूख, मोगलांची रसद तोडणे, सगळे खरे आहे. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथे पडले. परमानंदाच्या 'शिवभारता'त त्या लढाईचे वर्णन आहे आणि त्यात अंबराचे शौर्य आदराने सांगितले आहे. पण आम्हाला त्याच्या इतर दोन कामांचे अधिक अप्रूप वाटते. जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत पुढे 'मलिकंबरी' या नावाने मराठी कागदांत आणि कुळांच्या तोंडी राहिली. आणि १६१० साली खडकी येथे त्याने शहर वसवले, तिथे जमिनीखालच्या नळांतून पाणी आणले. त्या नहर-ए-अंबरीचे पाणी लोक कित्येक पिढ्या प्याले. शहराचे नाव त्याच्या मुलाच्या वेळी फतेहनगर झाले, मग औरंगाबाद, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. ज्याने वसवले त्याचे नाव त्या शहराला कधीच मिळाले नाही.

एवढ्या माणसालाही त्याचा रंग सोडत नव्हता. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात त्याचा उल्लेख करताना काळतोंड्या, काळ्या नशिबाचा अशीच विशेषणे लावतो. अबुल हसन या त्याच्या दरबारी चित्रकाराचे एक चित्र प्रसिद्ध आहे. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. मुंडक्यावर घुबड बसलेले. हे चित्र आता डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात जहांगिराला ते मुंडके कधी मिळाले नाही. अंबर १६२६ साली अठ्ठ्याहत्तरीच्या घरात आपल्या मौतीने मेला आणि खुलताबादला औलियांच्या शेजारी दफन झाला. जवळच त्याची बीबी करीमा हिची कबर आहे. गंमत अशी की मोगलांच्याच मुतमिद खान या इतिहासकाराने त्याच्या मृत्यूची नोंद करताना युद्धात आणि कारभारात त्याला तोड नव्हती अशी कबुली दिली.

बाहेरून येणारे अपमान एक, आणि घरातले वेगळे. पीटर व्हान देन ब्रुके नावाचा डच व्यापारी १६१७ साली अंबरच्या छावणीत जाऊन त्याला भेटला होता. मोख्याच्या बाजारात हा माणूस ऐंशी गिल्डरांना विकला गेला होता, हे त्याने लिहून ठेवले. उंचापुरा बांधा आणि रोमन वळणाचा करारी चेहरा हेही लिहिले. त्यानेच सांगितलेली एक हकिकत अशी. अंबरने आपली मुलगी सुलतान मुर्तजा निजामशहाला दिली होती. सुलतानाची थोरली बेगम इराणी, गोरी. भांडणात ती अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून टाकून बोलली. मुलीने बापाला कळवले. पुढे सुलतान आणि ती बेगम दोघांनाही विष घातले गेले. अंबरचे हे कृत्य आम्ही मुलांना आदर्श म्हणून सांगणार नाही. पण राज्य चालवणाऱ्या बापाच्या मुलीलाही घरातल्या घरात हे ऐकावे लागले, हे मात्र सांगू.

सगळे हबशी अंबर झाले नाहीत, आणि सगळे आपल्या बाजूचेही नव्हते. १६६० च्या पन्हाळ्याच्या वेढ्यात बाहेर आदिलशाही सरदार सिद्दी जौहर होता, आणि वेढा फोडायला आलेल्या मराठी फौजेत सिद्दी हिलाल होता. मुरूडचा जंजिरा (हा शब्द अरबी 'जझीरा'च) तर शिवाजी महाराजांना किंवा संभाजी महाराजांना घेता आला नाही. त्या मुलखाला मराठी कागद 'हबसाण' म्हणतात आणि सिद्दीला 'शामल', म्हणजे पुन्हा रंगच. १७३६ साली चिमाजी आप्पांनी सिद्दी सातचा पाडाव केला, तरी जंजिरा संस्थान १९४८ पर्यंत टिकले. त्यांच्याच एका शाखेचे सचीन संस्थान सुरतेजवळ होते. पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१), त्याची नायिका झुबेदा ही सचीनच्या नबाबाची मुलगी म्हणून ओळखली जाई. नबाबीत रंगाकडे कोणी बोट दाखवत नाही. तिथे सोयरिकी होत गेल्या, चेहरे बदलत गेले. गरीब सिद्दीचा चेहरा मात्र जंगलात, वाडीवर, मजुरीच्या रांगेत तसाच राहिला, आणि लोक त्याच्याचकडे वळून पाहत राहिले.

हे गरीब सिद्दी आपल्या बाजूला कसे आले ते सांगायला वेंगुर्ल्यापासून सुरुवात केलेली बरी. आमच्या गावात डच वखारीचे पडके अवशेष आहेत. मुलांना सहलीला दुसरीकडे न्यायला पैसे नसले की आम्ही तिथेच नेतो. १६३८ पासून डचांचे इथे ठाणे होते. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करताना त्यांच्या जहाजांना पाणी आणि तांदूळ इथून जाई. फ्रेंच प्रवासी टॅव्हर्निए याने या गावाला 'मिंग्रेला' म्हटले आहे. होर्मुझ, बसरा आणि तांबड्या समुद्राकडे जाणारी-येणारी जहाजे इथे नांगर टाकत असे तो लिहितो. म्हणजे हबशची वाट आमच्या बंदरासमोरूनच जात होती. खाली गोव्यात तर माणसांचा बाजारच होता. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोतेन या डच माणसाने तिथल्या मुख्य रस्त्यावर घोड्यांबरोबर गुलामांचा लिलाव होताना पाहिला. त्यातले पुष्कळसे मोझांबिकचे. पोर्तुगिजांनी १८३६ साली हा व्यापार बंद केला आणि १८६९ साली गुलामगिरी कायद्याने संपवली. त्याआधीची तीन शतके माणसे पळत होती. गोव्यातून घाट चढून ती यल्लापूर, हल्याळ, अंकोला, खानापूरच्या जंगलात शिरली. आजचे सिद्दी बरेचसे त्यांचे वंशज आहेत.

पोर्तुगीज त्यांना 'काफ्रे' म्हणत. हा शब्द अरबांच्या 'काफिर'वरून उचललेला. तोच कोकणीत 'खापरी' झाला. कारवारच्या कोडीबागला खापरी देवाचे देऊळ आहे. आफ्रिकेतून आलेला तो पुरुष, असे लोक सांगतात. त्याला विडी-सिगारेट आणि दारू वाहतात, नवस बोलतात. आफ्रिकेतला मुसलमान ज्याला काफिर म्हणून विकत होता, तो इथे देव झाला. यावर हसावे की रडावे कळत नाही. देव झाला तरी शेजारी झाला नाही, हे मात्र आम्हाला ठळक दिसते.

आणखी एक वाट नाशिकची. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आरमार अरबी समुद्रातली गुलामांची गलबते पकडू लागले तेव्हा सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबईला उतरवली जात. त्यांतली बरीच नाशिकजवळ शरणपूरला ख्रिस्ती मिशनने ठेवली. सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी शिकवले आणि नवी नावे दिली. १८६५ साली लिव्हिंग्स्टन तिथे येऊन आपल्या सफरीसाठी काही मुले घेऊन गेला. १८७२ मध्ये त्याच्याकडे पाठवलेल्या माणसांत शरणपूरचाच जेकब वेनराइट होता. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या ऐन मध्यावर मेला. त्याचे काळीज जिथे पुरले त्या झाडावर अक्षरे कोरणारा हा जेकब. ते शव समुद्रापर्यंत वाहून नेले गेले, आणि जेकब त्यासोबत इंग्लंडला पोचला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत दफन झाले तेव्हा शवपेटीशी चालणाऱ्या मानकऱ्यांत हा नाशिकला शिकलेला काळा तरुण होता. सारे लंडन त्याच्याकडे पाहत होते. पुढे १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रेअरटाउन वसवले, तिथे नाशिकची आफ्रिकन माणसे नेली. आपल्याच खंडात परतलेल्या या लोकांना तिथे काय म्हणू लागले? 'बॉम्बे आफ्रिकन'. आपल्याकडे ते शिदी, लंडनात नीग्रो, आणि आफ्रिकेत गेले तर मुंबईवाले. जेकब १८९२ साली टांगानिकात मेला.

हा जेकब वाचनात आला त्याच सुट्टीत आम्ही राउल पेक यांचा 'आय अ‍ॅम नॉट युवर नीग्रो' (२०१६) हा माहितीपट पाहिला. अमेरिकन काळा लेखक जेम्स बाल्डविन याच्या अपुऱ्या राहिलेल्या हस्तलिखितावर तो उभा आहे. ज्या देशाच्या शेतात आपल्या पूर्वजांचा घाम जिरला त्या देशात आपण परके कसे, हा त्याचा प्रश्न आहे. बाल्डविनच्या आठवणीतल्या तीन माणसांपैकी एक माल्कम एक्स. गोऱ्या मालकाने पूर्वजांना दिलेले आडनाव टाकून त्याने पुढे नुसती फुली ठेवली. १९६४ च्या हजमध्ये गोऱ्या कातडीच्या मुसलमानांबरोबर एका ताटात जेवल्यावर त्याचे मन पालटले, ही गोष्ट आपल्या मशिदींत फार अभिमानाने सांगितली जाते. आम्हीही सांगतो. पण माल्कम हज करून इथे कोकणात आला असता आणि एखाद्या घरी त्याने आपल्या मुलीचा पैगाम पाठवला असता, तर काय झाले असते, असे मनात येऊन जाते. सिद्दींवरही चित्रपट झाले आहेत. बेहरोज श्रॉफ यांनी सिद्दींवर माहितीपट केले. जयन चेरियन यांचा 'रिदम ऑफ दम्माम' हा कर्नाटकातल्या सिद्दींवरचा कथापट २०२४ साली गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. आपल्या गावापासून तासा-दीड तासावर. आमच्या ओळखीतले कोणी गेले नाही. आम्हीही नाही.

त्याच गोव्यात २०१३ च्या ऑक्टोबरअखेर एका नायजेरियन तरुणाचा खून झाला आणि त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, तेव्हा राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली होती. म्हापशाला बाजाराला जाणारे आमच्याकडचे लोकही तेव्हा एसटीत बसून माना डोलवत होते. त्यांत मुसलमान होते. उद्या हीच उपमा आपल्याला कोणी दिली तर, हा विचार कोणाच्या चेहऱ्यावर दिसला नाही.

आता हल्याळची गोष्ट. आमच्या नात्यातले एक लग्न तिकडे होते. सावंतवाडी, आंबोली, बेळगाव असे करत आम्ही गेलो. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना त्यासाठी २०२० च्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. म्हणजे तालुक्याची हद्द ओलांडली की भाऊ आदिवासी आणि बहीण नाही, असे सतरा वर्षे चालले. हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान असे तिन्ही धर्म त्यांच्यात आहेत. दमाम तिघांचाही. १९८७ नंतर भारतीय खेळ प्राधिकरणाने आफ्रिकन रक्त म्हणून त्यांची मुले धावण्यासाठी निवडली, वसतिगृहात ठेवली, आणि काही वर्षांतच ती योजना गुंडाळली. पोरे अर्ध्या शाळेतून घरी आली. धावायला लावायचे आणि मग विसरायचे, हा सरकारी प्रकार शिक्षकाला नवा नाही. अलीकडे मात्र काही चांगल्या खबरा आहेत. २०२० मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर नेमले गेले. गुजरातेत जांबुरच्या हिराबाई लोबी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

लग्नघरी एक सिद्दी बाई कामाला होत्या. मांडवात बसायला त्यांनी घरची गोधडी आणली होती. ते लोक तिला कवंदी म्हणतात. जुन्या साड्या, लुगडी, सदऱ्यांचे तुकडे कडेकडेने आत जोडत जातात आणि चारी कोपऱ्यांवर तिकोनी कापडाचे फूल लावतात. फुलाशिवाय कवंदी उघडी-नागडी दिसते, असे त्या म्हणाल्या. आमच्या आजीची वाकळ आम्हाला आठवली. तिच्या कोपऱ्यांना फुले नव्हती.

परतताना हल्याळच्या बसस्थानकावर गाडी उशिरा होती. चहाच्या टपरीशी एक सिद्दी गृहस्थ उभे होते. आमच्याच वयाचे. हातात मुलाच्या शाळेच्या दाखल्याची पिशवी. बोलणे सुरू झाले. त्यांची बोली कोकणी, मधेच मराठी, मधेच कन्नड. आम्हाला सगळे कळत होते, त्यांना आमचे मालवणी कळत होते. आम्ही खूश होऊन म्हणालो, "तुम्ही आपली भाषा छान बोलता हो!"

बोलून गेल्यावर आमच्याच कानांना ते वाक्य ओळखीचे वाटले. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात शेजारी बसलेल्या बाईंनी आमचे नाव ऐकले होते आणि थोड्या वेळाने कौतुकाने म्हटले होते, "तुम्ही मराठी किती छान बोलता!" त्या दिवशी आम्ही घरी येऊन जेवलो नव्हतो. आमच्या आजोबांच्या आजोबांची कबर इथल्या कब्रस्तानात आहे, मराठी आम्ही कोणाकडून उसनी घेतलेली नाही, असे खूप काही मनात आले होते. या अंकाचे वाचक ते जाणतात. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवावे लागले, ते याच खुपणाऱ्या काट्यामुळे.

आणि इकडे त्या गृहस्थांना आम्ही पुढे काय विचारावे? "तुम्ही मूळचे कुठले?" जिभेवरचा हा प्रश्न आम्हाला आवरला नाही. खरे तर उत्तर आम्हाला ठाऊक होते, चार पुस्तके वाचून आम्ही गेलो होतो. आफ्रिका हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकायची हौस होती, एवढेच.

ते म्हणाले, "हल्याळचे. वाडी हंगाच लागीं."

"नाही, त्याच्या आधी?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. राग दिसला नाही. हा प्रश्न त्यांनी किती वेळा ऐकला असेल याचा अंदाज त्यांच्या शांतपणावरून येत होता. मग त्यांनीच विचारले, "तुमी खंयचे?"

"वेंगुर्ल्याचे."

"न्हय, मूळचे?"

आमच्या तोंडात उत्तर तयार होते. कोकणी मुसलमानाच्या घरात ते लहानपणीच तयार करून दिलेले असते. आमचे पूर्वज अरबस्तानातून आले, व्यापारी होते, जहाजे होती त्यांची. ज्या घराकडे शजरा आहे ते शजरा दाखवते, ज्याकडे नाही ते नाक दाखवते. त्या जहाजांत मालकांखेरीज वल्ही मारणारे होते, ओझी वाहणारे होते, विकायला आणलेले होते. त्यांचीही पोरे याच किनाऱ्यावर वाढली, याच मशिदींत नमाजेला उभी राहिली आणि याच कब्रस्तानांत गेली. पण आपण हबशी पूर्वजाचे वंशज, असे सांगणारे एकही घर आम्हाला आजवर भेटलेले नाही. आमच्या आजीचे केस कुरळे होते, ओठ जाड होते आणि रंग पक्का होता. तिला घरात लाडाने 'काळीअम्मा' म्हणत.

"मूळचे..." आम्ही म्हणालो आणि थांबलो.

ते हसले. चहाचे पैसे त्यांनीच दिले, आम्हाला देऊ दिले नाहीत. तेवढ्यात बेळगावची गाडी लागली.